झरवायामावशीची जागा

झरवायामावशी वर्षातून एकदा आमच्या घरी आठवडाभर राहायला यायची, आणि त्या आठवड्यात गावातल्या इतर नवऱ्यांच्या मानानं मी कुठं कमी पडतो ते माझ्या बायकोला सगळं समजायचं. मावशी आमच्या नात्यातली कुणी नव्हती. आमच्या एल्मबरो गावात ती सगळ्यांचीच मावशी. धंद्यानं शिंपीण. कात्री, सुया, मेणाचा गोळा आणि एक जड इस्त्री एवढं पिशवीत घालून ती घरोघर फिरायची. ज्या घरी जायची तिथंच जेवायची, तिथंच झोपायची आणि पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे कपडे संपवूनच उठायची. त्यामुळे कुणाच्या घेवड्यात डुकराचं मांस किती पडतं, कुठली सून सासूशी बोलत नाही, हे तिला पाठ असायचं. एका घरचं दुसऱ्या घरी सांगताना ती नावं मात्र गाळायची. नावं आम्हीच घालायचो.

मापाला ती कागदाची लांब पट्टी घ्यायची, अंगाभोवती धरायची आणि माप येईल तिथं कात्रीनं खाच पाडायची. गावातल्या प्रत्येकाची अशी पट्टी तिच्या पिशवीत होती.

"एनोस, गेल्या वर्षीपेक्षा चार बोटं वाढलास," तोंडातल्या टाचण्या न काढता ती मला एकदा म्हणाली.

"उंचीला?"

"या वयात उंचीला कसला वाढतोस!"

माझी बायको त्यावर दोन दिवस हसत होती.

मावशीचा नवरा इथामार पेक बंडात गेला. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंदुका उचलल्या तेव्हा मी अंगठा चोखत होतो, त्यामुळे माझं सगळं ऐकीव. आमच्या गावातून पंचवीसेक जण गेले. तिसऱ्या हिवाळ्यात बंड मोडलं. पुढाऱ्यांपैकी काही फासावर गेले, काही जहाजानं पळाले, आणि बॉस्टनमध्ये राजाची माणसं पुन्हा पहिल्यासारखा कारभार करू लागली. गावातले जे जिवंत परतले त्यांनी निष्ठेची शपथ घेतली आणि नांगर धरला. इथामार परतला नाही. तो हडसन नदीपलीकडे कुठंतरी मेला. तापानं मेला की गोळीनं, ते नक्की कुणालाच माहीत नाही. तो छपराच्या लाकडी कौलांचं काम करायचा. गावातल्या निम्म्या गोठ्यांवर अजून त्याचीच कौलं आहेत.

बंडवाल्यांना आमच्या गावानं तुरुंगात टाकलं नाही, त्यांच्या जमिनीही फारशा घेतल्या नाहीत. त्यांना फक्त वर बसवलं. आमच्या प्रार्थनाघरात कुणी कुठल्या बाकावर बसायचं ते बसवणूक समिती ठरवते. ही रीत पणजोबांपासूनची. वय, इस्टेट आणि मान बघायचा, मोठी माणसं पाळकांच्या व्यासपीठाजवळ बसवायची आणि बाकीची दाराकडं सरकवत न्यायची. यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात गेलेत. बंडानंतर समितीनं त्यात राजनिष्ठा घातली. ज्या घरातून हत्यार उचललं गेलं ते घर वर, सज्जात. तिथं उन्हाळ्यात डोकं तापतं, हिवाळ्यात बायबलचं पान उलटायला बोटं वळत नाहीत, आणि मागं गावातली उनाड पोरं अक्रोड फोडत बसलेली असतात. सोमवार ते शनिवार वरचे आणि खालचे एकमेकांचे बैल मागून नेतात, एकाच दुकानात काकवी घेतात. रविवारी मात्र कोण कुठला ते जिन्याशी कळतं.

या समितीत मी आहे. माझ्यासारख्या पिंपं बनवणाऱ्याला समितीत कशाला घेतलं असं विचाराल, तर समितीचे प्रमुख आणि प्रार्थनाघराचे कारभारी डीकन बिगेलो यांना मान डोलावणारा एक माणूस हवा होता म्हणून.

मावशीची धाकटी बहीण हल्डा. तिचा नवरा कॅप्टन थेअर राजाच्या बाजूनं राहिला, पुढं गिरणीचा मालक झाला आणि भरल्या घरात वारला. त्यामुळे हल्डाबाई पहिल्या बाकावर आणि मावशी सज्जात. दोन प्रवचनांच्या मधल्या सुट्टीत शेजारच्या खोलीत चुलीपाशी दोघी फडकी सोडायच्या. हल्डाबाईंचा ॲपल-पाय, मावशीचा मक्याचा पाव. दोघी निम्मं निम्मं वाटून घ्यायच्या आणि मग हल्डाबाई ठरल्याप्रमाणे सुरू करायच्या.

"चांगला संसार टाकून गेला मेला. तुझा तरी विचार करायचा! त्याला काडीची अक्कल असती ना झरवाया, तर आज तू माझ्या शेजारी बसली असतीस."

"खा तू," मावशी म्हणायची.

इथामारला हल्डाबाईंनी किती शिव्या घातल्या याला मोजमाप नाही. वरच्यांचं नेमकं उलट. सज्जात इथामार मोठा वीर झाला होता, आणि त्याच्या हातून पडलेले राजाचे शिपाई दर वर्षी वाढतच होते. दोन घरांनी तर पोरांची नावं इथामार ठेवली. मावशी तिथंही गप्पच असायची. दोन्हीकडच्या लोकांना वाटायचं, बाईला दुःख बोलवत नाही.

मग तिचे गुडघे गेले. सज्जाचा जिना अरुंद, मध्येच वळतो, धरायला एक दोरी. सत्तरीच्या घरातली बाई ती दोरी धरून एकेक पायरी चढायची आणि मागं अख्खं बंड खोळंबून राहायचं. त्या हिवाळ्यात तिनं यायचंच सोडलं. रविवारी सकाळी गावातल्या सगळ्या चुली विझवलेल्या असतात, माणसं प्रार्थनेला असतात. मावशीच्या एकट्या चिमणीतून तेवढा धूर निघायचा. तो बघून मला वाईट वाटायचं. घराघरांतून बोलत फिरणारी बाई ती, आणि ज्या दिवशी सगळं गाव एकत्र येतं त्याच दिवशी एकटी.

मी समितीत विषय काढला. "गुडघ्यांसाठी म्हणून तिला खाली एक जागा देऊ. मागची का होईना."

"आज गुडघे," डीकन बिगेलो म्हणाले, "उद्या कुणाची कंबर. नांगरणीपर्यंत अख्खा सज्जा लंगडत खाली येईल, एनोस."

मी मान डोलावली. त्यासाठीच होतो मी तिथं.

पण त्याच सुमारास बॉस्टनहून फर्मान आलं. राजाच्या गादीला पन्नास वर्षं झाली, त्या खुशीत राजानं मेलेल्या बंडखोरांचा अपराध माफ केला. त्यांच्या विधवा आणि मुलं यापुढं इतर प्रजेसारखीच. अट एकच, घरातल्या कुणीतरी तो अपराध मंडळीसमोर कबूल करायचा. कबुलीचं आमच्या गावाला नवल नाही. मधल्या वाटेत उभं राहायचं, पाळक मजकूर वाचतात तो ऐकायचा, शेवटी 'कबूल' म्हणायचं. लग्नानंतर सातव्या महिन्यात ज्यांच्या घरी पाळणा हलतो अशी जोडपी बहुतेक तिथं उभी असतात. अर्धं गाव तिथं उभं राहून आलंय आणि पुढच्याच रविवारी बाळाचा बाप्तिस्मा करून मोकळं झालंय.

फर्मान आलं त्या आठवड्यात मावशी आमच्याकडे शिवत होती. हल्डाबाई धापा टाकत आल्या, पायाचा बर्फसुद्धा झटकला नाही.

"उभी राहा, ऐक, कबूल म्हण. संपलं! पुढच्या रविवारी तू माझ्या शेजारी. मी पाळकांशी बोललेय, मजकूर चांगला लिहून घेते. तुला काही बट्टा लागायचा नाही."

"तुझ्याशेजारी बसायचं खरं," मावशी म्हणाली, "पण तू प्रवचनात घोरतेस."

"कोण म्हणतं?"

"वरून सगळं दिसतं."

माझी बायको हसली, हल्डाबाई नाही हसल्या. त्या मावशीच्या पुढ्यात स्टुलावर बसल्या. "झरवाया, मी पासष्टीची झाले. आता किती रविवार राहिले आपले? तुला नाही यावंसं वाटत?"

मावशीनं सुई थांबवली. "वाटतं ना. मला फार एकटं वाटतं रविवारी. भिंतीशी किती बोलायचं?" मग सुई पुन्हा चालवत म्हणाली, "त्याच्याबद्दल काय वाचणार आहेत?"

"झालं ते. त्यानं बंदूक उचलली. उचलली ना?"

"उचलली."

"मग?"

मावशीनं दातानं दोरा तोडला. "बरं. राहते उभी."

मजकूर तिला आधी वाचून दाखवायची पद्धत नाही. आमच्याकडे कबुलीचे शब्द बहुतेक ठरलेले, नावं आणि एखादा तपशील तेवढा बदलतो. त्यामुळे त्या रविवारी मधल्या वाटेत काठीवर रेलून मावशीनं तो पहिल्यांदाच ऐकला. आमचे पाळक तरुण आणि आवाजाचे गोड. त्यांनी वाचलं, "इथामार पेक यानं देवाच्या आणि राजाच्या आज्ञेविरुद्ध, स्वतःच्या दुष्ट व हट्टी मनानं, आपल्या पत्नीचे अश्रू आणि विनवण्या न जुमानता, हत्यार उचललं." अश्रू आणि विनवण्या हल्डाबाईंनी घालायला लावल्या होत्या. त्यांना ते खरंच वाटत होतं. बहिणीला सोडून गेलेला नवरा म्हणजे बहीण रडलीच असणार.

मग पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "यात काही असत्य आहे का? असेल तर ते आत्ता सांगावं." या प्रश्नाला कुणी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. सातव्या महिन्याचं बाळ झालेलं जोडपं काय उत्तर देणार? पाळकांनी स्तोत्राचं पुस्तक उघडायला हातसुद्धा पुढं केला होता.

"आहे," मावशी म्हणाली.

वरचं अक्रोड फोडणं थांबलं.

"मी रडले नाही आणि विनवलंही नाही," मावशी म्हणाली. आवाज नेहमीचाच, माप घेताना असतो तसा. "त्याला जायचं नव्हतं. तो म्हणाला, झरवाया, मला भीती वाटते, मी कौलं तासणारा माणूस, मला राहू दे. मी म्हटलं, शेजारणींचे नवरे निघालेत, मी उद्या विहिरीवर कुणाला तोंड दाखवू? तुझ्यापेक्षा त्या हॅनाचा लंगडा बरा, तोसुद्धा निघाला. असं बोलले मी. कोट शिवला, अंगात चढवला आणि दाराबाहेर काढला त्याला."

"पेकबाई," डीकन बिगेलो उठून म्हणाले, "प्रश्न इथामारच्या अपराधाचा आहे."

"तेच सांगतेय, डीकन. त्याचा नव्हता. माझा लिहा."

पाळक घाबरून गेले होते, पण त्यांनी विचारायचं ते विचारलं. "मग भगिनी, तुम्हाला पश्चात्ताप होतो का?"

"त्याला धाडल्याचा होतो. रोज होतो. बाकीचे गेले ते आपल्या पायांनी गेले, त्यांचं मी काय सांगू?" तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "राजाबद्दल विचारत असाल तर राजाचा विचार मी तेव्हाही केला नव्हता."

पाळकांनी स्तोत्र सुरू केलं. गाणारे निम्मेच होते. हल्डाबाई समोर बघत होत्या, मान जराही हलत नव्हती, आणि त्यांचे कान मागून लाल झालेले मला दिसत होते.

समितीत त्यावर बराच काथ्याकूट झाला. फर्मान मेलेल्या अपराध्यांसाठी होतं आणि इथं अपराधी जिवंत निघाली. जिवंत बंडखोराला मंडळीनं माफ करावं की राजानं, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक? बॉस्टनला विचारायचं ठरलं. उत्तर येईपर्यंत जागा होती तीच, वर सज्जात.

पण वरही आता तिला जागा राहिली नव्हती. ज्यांनी पोरांची नावं इथामार ठेवली होती त्यांचा संताप सगळ्यांत मोठा. "आमच्या इथामारला भित्रा म्हणाली!" त्यातला एक जण माझ्या दुकानात येऊन ओरडला. "बायकोनं ढकलला म्हणून गेला म्हणे! मग आम्ही तीस वर्षं कुणासाठी थंडीत कुडकुडलो?" दोन्हीकडच्या घरांतून शिवणाचं काम येईना. हल्डाबाईंनी बहिणीच्या दारावरून जायचं टाळलं. गिरणीकडं जायला त्या लांबची वाट घ्यायला लागल्या.

मला वाटलं होतं, आता बाई घराबाहेर पडायची नाही. पुढच्या रविवारी ती आली. काठी टेकत आत शिरली, जिन्यापाशी गेली, दोरी धरून तीन पायऱ्या चढली आणि तिसरीवर बसली. पुढं चढवेना, आणि चढून जाणार तरी कुणाच्या शेजारी? डीकननी डोळ्यांनीच मला खुणावलं. मी गेलो.

"मावशी, इथं बसता येत नाही."

"कोण म्हणतं?"

"समिती."

"समितीत तूच ना? मग सांग, या पायरीवर तुम्ही कुणाला बसवलंय?"

"कुणालाच नाही."

"मग मी कुणाची जागा अडवलीय?"

मी परत जाऊन डीकनना म्हटलं, पायरी आपल्या वाटपात नाही. ते माझ्याकडे असं बघत राहिले की माझं मान डोलावण्याचं पद तिथंच गेलं असं मी धरून चाललो. वरच्यांना तिच्या बाजूनं अंग चोरून चढावं लागायचं. कुणी बोलायचं नाही. ती गुडघे भिंतीकडं वळवून वाट द्यायची. मधल्या सुट्टीत ती तिथंच पायरीवर आपला पाव खायची. हल्डाबाई दुसऱ्या दारानं बाहेर जायच्या.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पहिलंच स्तोत्र चालू असताना पहिल्या बाकाच्या कठड्याचं दार करकरलं. हल्डाबाई बाहेर आल्या आणि मधल्या वाटेनं मागं चालत निघाल्या. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. गाणं चालूच होतं, पण गाणाऱ्यांच्या माना वळत होत्या. हल्डाबाई जिन्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझी जागा जिन्याला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सरक," त्या म्हणाल्या.

"कुठं सरकू? एकीचीच पायरी आहे."

हल्डाबाईंनी रेशमी झगा गोळा केला आणि खालच्या पायरीवर बसल्या. मावशीचे पाय त्यांच्या पाठीला लागत होते.

"तीस वर्षं त्याला शिव्या घातल्या मी," हल्डाबाई पुढंच बघत म्हणाल्या. "पोरांना सांगितलं, तुमच्या मावशीला टाकून गेला तो. त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही. आणि तू नुसती पाव खात बसलीस!"

"हो."

"एकदा तरी बोलायचं होतंस, बये."

"तू त्याला बोलत होतीस तोवर मला कुणी बोलत नव्हतं," मावशी म्हणाली. "मला ते बरं पडत होतं."

हल्डाबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "मग त्या दिवशीच का? एक शब्द बोलायचा होता तुला. एक! माझ्याशेजारी येऊन बसली असतीस."

"मला बसायचंच होतं गं. कबूल म्हणायला तोंड उघडलंच होतं मी." मावशीचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "पण तू त्यात अश्रू घातलेस. रडला तो होता, हल्डा. दारात उभा राहून पोरासारखा रडला, आणि मी दार लावून घेतलं. त्याचं सगळं गेलं. ते अश्रूसुद्धा मी माझ्या नावावर घेऊ?"

हल्डाबाईंनी हात मागं नेला आणि मावशीचा पाय घोट्याशी धरला.

स्तोत्र संपलं. पाळकांनी राजासाठी प्रार्थना सुरू केली आणि रीतीप्रमाणे सगळी मंडळी उठून उभी राहिली, खालची आणि वरचीही. मावशीला उठवत नव्हतं. हल्डाबाईंना उठवत होतं, त्या उठल्या नाहीत. कॅप्टन थेअरची बायको, पहिल्या बाकाची धनीण, राजाचं नाव चालू असताना जिन्यात बसून राहिली. त्यांचे खांदे हलत होते. इथामार पेकसाठी आमच्या गावात कुणी रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

सकाळचं प्रवचन संपून माणसं बाहेर पडू लागली तसे डीकन बिगेलो जिन्यापाशी आले. त्यांनी टोपी हातात धरली होती आणि आवाज शक्य तितका मऊ ठेवला होता.

"थेअरबाई, राजासाठीच्या प्रार्थनेला आपण बसून होता. अख्ख्या मंडळीनं पाहिलं."

"माझा मेहुणा वारला, डीकन," हल्डाबाई म्हणाल्या. "दुखवट्याला बसले होते."

"त्याला तीस वर्षं झाली, बाई."

"मला आत्ता कळलं," हल्डाबाई म्हणाल्या, आणि मावशीला उठवायला त्यांनी दोन्ही हात पुढं केले.